बापाच्या रकान्यातलं नाव

माझा जन्म कुठे झाला, हे नर्सिंगच्या साडेतीन वर्षांत मी कोणालाही धड सांगितलं नव्हतं. नगरच्या हॉस्टेलवर कोणी विचारलं की 'राहुरीकडचा' एवढंच म्हणायचे. ते खोटं नव्हतं. ऐकणारीच्या डोळ्यांपुढे आपोआप विहीर, बागायत आणि हिरवागार ऊस उभा राही, आणि मी तो उभा राहू देत असे. ऊस होता हेही खरंच. पण तो दुसऱ्यांचा होता आणि माझे आईवडील तो तोडायला पाथर्डीकडून येत.

आमच्या कोरडवाहू गावात दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागत. बैलगाड्या जुंपून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जाई; टोळीत माणसं मोजत नसत, कोयते मोजत. टोळीचा म्होरक्या म्हणजे मुकादम. कारखान्याच्या कागदावर नाव त्याचं, गावच्या चावडीवर नाव त्याचं, बाकी सगळे त्याच्या नावाखाली. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, देवळाली प्रवरेजवळच्या एका शिवारात, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत माझा जन्म झाला. पुढे आईवडील हंगामाला गेले की मला मामाकडे ठेवत, म्हणून माझी शाळा तुटली नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले. डोक्यावर नर्सची टोपी घातलेलं मला त्यांनी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा ते वॉर्डच्या दारात चपला काढून उभे राहिले होते.

बहात्तर साली आमच्या हॉस्पिटलातल्या तिघींनी विलायतेला अर्ज केला. तिकडच्या परिचारिका मंडळाने आमचं शिक्षण मान्य केलं, एका हॉस्पिटलाने नोकरी देऊ केली, आता उरला तो काम करण्याचा परवाना. तो त्या हॉस्पिटलाने त्यांच्या सरकारकडून काढायचा, पण आमच्या कागदांवर. आणि तिथेच घोडं अडलं. तिघींच्या शाळेच्या दाखल्यांवर जन्मतारीख एकच होती, एक जून. आमच्याकडे पोराला शाळेत घालताना गुरुजी त्याच्याकडे एकदा बघत, अंदाजाने वर्ष धरत आणि पुढे एक जून ठोकून देत. निम्मा जिल्हा एक जूनला जन्मला आहे. तिकडच्या साहेबाला हे कसं कळावं? त्याने सभ्य भाषेत लिहिलं की शाळेचा दाखला पुरेसा नाही. जन्माच्या सरकारी नोंदीचा उतारा तीन महिन्यांत पाठवावा, अन्यथा परवान्याचा अर्ज पुढे जाणार नाही.

बाकी दोघी नगर शहरातल्या. त्यांनी नगरपालिकेत जाऊन चार दिवसांत उतारे आणले. मी मात्र शहाणपणा केला. आमच्या गावच्या पाटलांकडे गेले आणि 'ही मुलगी याच गावी जन्मली' असा दाखला लिहून घेतला. पाटलांना त्यात वावगं काही वाटलं नाही, मला तर मुळीच नाही. उलट बरंच वाटलं, कारण त्या कोपीचा उल्लेख आपोआप टळत होता. महिन्याभराने तो दाखला परत आला. पाटलांचं पत्र नको, नोंदवहीतली नोंद हवी.

मग नाइलाजाने आईला सांगितलं. ती ओसरीवर बाजरी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"कुठं जल्मली म्हनून लिवलं त्या कागदात?"

"इथं, गावात."

"माझ्या बाळंतपनाची जागा बदलनारी तू कोन गं?" ती एवढ्या मोठ्याने बोलली की शेजारची बाई डोकावली. "दुपारपतूर मोळ्या बांधल्या म्या, आन दिवस मावळायला तुला जल्म दिला. चोरी केली व्हय? विलायतेला जायाचं म्हनून आईची कोपी लाजिरवानी वाटाया लागली तुला?"

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. माझा राग नेहमी तसाच येतो. मी म्हटलं, "मग चल राहुरीला आणि काढून दे नोंद!" ती म्हणाली, "चल की. म्या कुठं न्हाई म्हनते?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीत बसलो आणि नगर येईपर्यंत एकमेकींशी बोललो नाही.

राहुरीच्या मामलेदार कचेरीत जुन्या गावांच्या जन्म-मृत्यूच्या वह्या एका खोलीत बांधून ठेवलेल्या होत्या. तिथले कारकून वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारे. आईने शिवाराचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, हिवाळा सांगितला. वही निघाली. नोंदी मोडीत होत्या. मला मोडी वाचता येत नाही, तेव्हा कारकून मोठ्याने वाचतील ते ऐकायचं एवढंच माझ्या हाती होतं. खोलीत सात-बाराच्या कामाला आलेले आठ-दहा लोक होते, त्यांनाही ते फुकटात ऐकायला मिळालं.

दादांचं नाव कुठेच नव्हतं. कारकुनांनी पानं पुढे-मागे केली आणि एकदम थबकले. "हे बघा, तुमच्या गावचा एक इसम सापडतोय," असं म्हणून त्यांनी नाव वाचलं. ते मुकादमाचं होतं. बापाच्या रकान्यात, एकाच हंगामात, चार वेळा.

"दोन मुलगे, दोन मुली," कारकून म्हणाले. "आणि मुली तर पाच दिवसांच्या अंतरानं. बायका किती होत्या हो या गृहस्थाला?"

लोक हसले. एक जण मागून काहीतरी बोललाही, ते मी इथे लिहीत नाही. आई विधवा बाई, कपाळ उघडं, आणि भर कचेरीत तिच्या लेकीच्या बापाच्या जागी दुसऱ्याच माणसाचं नाव वाचलं गेलं होतं. मला तिचा हात धरून बाहेर पळावंसं वाटत होतं. विलायत गेली खड्ड्यात, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

आईने पदर सारखा केला. "मुकादमाची बायकू एकच हुती, आन तिला लेकरू न्हवतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही. "ही चारी लेकरं टोळीची हायती. नोंद घ्याया आलेल्या कोतवालानं इचारलं आसंल, कुनाच्या टोळीतलं, तवा मुकादमाचं नाव सांगितलं आसंल कुनी. आमचं समदं त्येच्याच नावावर लिवायचे. लेकरं बी लिवली. त्यात हसन्यासारखं काय हाय?"

कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याऐवजी आईशी बोलायला लागले, "आई, असं होत होतं खरं. पण या दोन मुलींतली तुमची कोणती?"

"बाजाराच्या आदल्या दिशी झालेली," आई ताडकन म्हणाली. कारखान्यावरचा बाजार शनिवारी भरायचा. त्या शनिवारी टोळी बाजाराला गेली, ती एकटी कोपीत राहिली, आणि दादांनी तिच्यासाठी खोबरं आणि डिंक आणला. दुसरी मुलगी पुढच्या आठवड्यात शेजारच्या कोपीत झाली. "ती बी धडधाकट हाय, दोन लेकरांची आई हाय," असंही तिने सांगून टाकलं. कारकुनांनी कुठूनसं त्या सालचं पंचांग मिळवलं आणि बोट फिरवत वार काढले. एक तारीख शुक्रवारची, दुसरी बुधवारची. शुक्रवारची मी. चोवीस वर्षं एक जूनला जन्मलेली मी त्या दिवशी भर हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी जन्मले.

मामलेदारांनी सांगितलं की नोंद दुरुस्त होईल, पण आईचं प्रतिज्ञापत्र लागेल आणि ज्याचं नाव लागलं आहे त्याचा जबाब लागेल. मुदतीला महिना राहिला होता. मी एकटीच मुकादमाच्या वाडीवर गेले. वाटेभर भांडणाची तयारी करत होते. मुकादम आता म्हातारे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, कडुनिंबाखाली बाजेवर बसलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि विचारलं, "आमच्या बापाच्या जागी तुमचं नाव कसं लागलं?"

त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "चार लेकरं लागली व्हय माझ्या नावावर? आन घरात एक बी न्हाई." ते हसले, पण बायको आत होती म्हणून लगेच थांबले. मी आणलेलं भांडण कुठे ठेवावं ते मला कळेना. ते म्हणाले, "तुझा बाप माझ्या टोळीतला पयला कोयता. कारखान्यात कुनी त्येचं नाव बी इचारलं न्हाई. चल, कवा यायचं?"

ठरल्या दिवशी ते धुतलेलं धोतर आणि लाल फेटा घालून आले. एसटीतून उतरताना मी हात दिला तो त्यांनी धरला. कचेरीत त्यांनी एका दमात सांगितलं की ही मुलगी माझी नव्हे, माझ्या टोळीतल्या माणसाची आहे, आणि दादांचं पूर्ण नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. मग मामलेदार आईकडे वळले. माणूस तरुण होता, चांगला होता. म्हणाले, "बाई, जन्माचं ठिकाण काय लिहू? नुसतं गावाचं नाव लिहिलं तरी चालेल. मुलगी परदेशी चालली आहे, कोप्यांचा उल्लेख हवाच असं नाही."

तो प्रश्न आईला होता, पण आईने माझ्याकडे पाहिलं. ओसरीवर तिला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

"लिहा साहेब," मी म्हटलं. "ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या. मी तिथलीच आहे." हे एवढं बोलायला मला चोवीस वर्षं लागली, आणि बोलल्यावर इतकं हलकं वाटलं की कारकुनांनी पाणी पुढे केलं तेव्हा मला कळलं, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आईने अंगठा उठवला. मुकादमांनी सही केली. त्यांना तेवढीच अक्षरं येत होती आणि ती त्यांनी फार ऐटीत काढली.

उतारा मिळाला, इंग्रजीत भाषांतर झालं, मुदतीला नऊ दिवस राहिले असताना रवाना झाला. नगरला परतल्यावर रात्रीच्या जेवणाला मी हॉस्टेलच्या मुलींना सगळं सांगितलं, कोपीपासून पंचांगापर्यंत. एक म्हणाली, "अगं, मग आधी का नाही बोललीस?" दुसरीने वाढलेली भाकरी तशीच हातात धरली होती. तिचेही आईवडील टोळीत होते, शेवगावकडचे, हे तिने तेव्हा सांगितलं. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो होतो आणि दोघीही बागायतदार होतो.

परवाना श्रावण संपता संपता आला. त्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं होतं, रानं उघडी पडली होती, आणि आई गावाजवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी घरी न जाता थेट तिथेच गेले. सगळ्या बायका हात थांबवून जमल्या. आईने हात लुगड्याला पुसले, पण कागद हातात घेतला नाही, खराब होईल म्हणाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"ह्यात तुझं नाव कुठं हाय?"

मी दाखवलं. आमच्याकडे नाव लिहायचं म्हणजे आपलं, मग बापाचं, मग आडनाव. विलायतेच्या सरकारनेही ते तसंच्या तसं, तिन्ही शब्द, टाइप केलं होतं. मधला शब्द मी वाचून दाखवला. आई नवऱ्याचं नाव कधी घेत नसे, उखाण्यातसुद्धा ते घ्यायला लाजायची. तिने माझं बोट बाजूला केलं आणि त्या मधल्या शब्दावर, कागदाला न टेकवता, आपलं बोट धरलं.

"जल्मभर दुसऱ्याच्या नावावर राबला गं तुझा बाप," ती म्हणाली. मग भोवतीच्या बायकांकडे वळून, त्या सगळ्यांसमोर, तिने ते नाव मोठ्याने घेतलं.