विमान सुटेपर्यंत

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आमच्या शेजारचे काका रोज सायकल पुसतात आणि चाकं बोटांनी दाबून पाहतात. दर वर्षी ते एकटेच ग्रीसमध्ये सायकलवरून हिंडतात. "एकीकडे पडकी देवळं, दुसरीकडे दलदल, मधल्या अरुंद वाटेवरून मी," असं ते सावकाश सांगतात.

आता त्यांना नीट दिसत नाही. एडिनबराहून त्यांच्या मुलाने मला बजावलं होतं, "ताई, बाबा निघाले तर लगेच फोन करा."

आज सकाळी ते सायकलचं खोकं टॅक्सीत ठेवत होते. मी दारात आले.

"कोण? तू का गं? विमान सुटेपर्यंत त्याला सांगू नकोस."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसेल म्हणून "बरं" म्हणाले.

मुलाला फोन दुपारी केला, विमान सुटल्यावर. दलदलीकडेच्या त्या वाटेला कठडा नाही, हे त्यांच्याकडूनच मला ठाऊक होतं.