खाडीत सोडलेली नाणी

कुणी हे वाचलंच तर आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कुठं काय द्यायचं ते शाळेतही कळत नव्हतं, आणि अक्षर असं की यादी दिली की किराणावाला विचारतो, "हे साबण आहे की साबुदाणा?" पण ही गोष्ट तोंडाने सांगायला मला जमत नाही. लिहून होईल असं वाटतं.

टेमघरला आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर एका गाळ्यात मी कामाला जाते. पूर्वी तिथे कापडाचे लूम होते, आता नाणी बनतात. खर्चायची नाहीत. ग्रीस नावाच्या देशात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी जी नाणी चालत, त्यांची नक्कल. ती परदेशी जातात. तिथे लोक हौसेने विकत घेतात, कुणी गळ्यात घालतात. एका बाजूला डोक्यावर लोखंडी टोप घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला घुबड. पहिल्या दिवशी घुबड बघून मी हात मागे घेतला होता. सुपरवायझर उत्तर प्रदेशचा, मला मौसी म्हणतो. तो म्हणाला, "मौसी, ये उनकी देवी है और ये उसका उल्लू. काटेगा नहीं."

नाणं प्रेसवर छापतात, त्याला चांदीचं पाणी देतात. त्यानंतर आम्हा बायकांचं काम. नाणं काळ्या औषधात बुडवायचं आणि फडक्याने पुसायचं. चेहरा उजळतो, खोलगट भागात काळं राहतं, आणि नाणं जुनं दिसायला लागतं. शेवटी कडेला नक्कल असल्याची बारीक खूण ठोकायची. खराब निघालेल्या मालावर खूण करायची नाही. तो संध्याकाळी हातोड्याने चपटा करून भंगारात टाकायचा. हे चपटं करायचं काम माझ्याकडे होतं.

एकदा चेहऱ्याच्या डायला, म्हणजे छापायच्या ठशाला, तडा गेला. ते लक्षात येईपर्यंत अकरा नाणी निघाली होती. प्रत्येकावर देवीच्या नाकापासून कानापर्यंत एक रेघ. मी हातोडा उचलला, पण मारवेना. आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत, त्यांवरही असेच देवीचे चेहरे. टाक झिजला की त्याला हळद-कुंकू लावून पाण्यात सोडतात, ठेचत कुणी नाही. ही देवी परक्या देशाची, पण देवीच. मी अकराही नाणी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणली, हळद-कुंकू वाहिलं, लाल फडक्यात बांधली. रविवारी खाडीकाठच्या कोन गावी ताईकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, गेले तेव्हा खाडीत सोडून आले. नवरात्राच्या आधीची ही गोष्ट. मी ती कुणाला सांगितली नाही.

होळी झाल्यावर ताईने बोलावून घेतलं. भावोजींनी स्टीलच्या ताटात रुमाल अंथरून त्यावर काहीतरी मांडलं होतं.

"बाय, लांबूनच बघ," ते म्हणाले. "शिकंदराच्या टायमाची हायत. हाताचं तेल लागलं तं भाव पडंल."

ताईच्या शेजारचा माणूस खाडीत जाळं टाकतो. त्याच्या जाळ्यात कुजलेल्या लाल फडक्याचं गाठोडं आलं होतं. भावोजींनी त्याला एकेका नाण्याचे दोन हजार मोजले होते. सगळे मिळून बावीस हजार. मुंबईत एकेकाचे पंचवीस हजार येतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

ताई म्हणाली, "ताटात हाय ना, तेच माझं पिको-फॉलचं मशीन. नीट बघून घे."

ताई साड्यांना हाताने फॉल लावते. त्या पैशांतून तिने तीन वर्षं मशीनसाठी साठवलं होतं, तेच भावोजींनी नाण्यांत घातले होते. मी अकराही गालांवरच्या रेघा बघितल्या. चहा प्यायले आणि घरी आले.

दोन दिवस जेवण गेलं नाही. भावोजींसमोर मी कधी मान वर करून बोललेले नाही. कामावर कळलं तर काम जाणार. पण ते नाणी घेऊन मुंबईला गेले आणि पकडले गेले तर? तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कोनला गेले आणि भिंतीकडे बघत सगळं सांगितलं.

भावोजींचा विश्वास बसेना. "चौथी शिकलीस आणि मना नाणी शिकवतंस?"

"गालावरची रेघ बघा," मी म्हटलं. "सगळ्यांवर एकाच जागी हाय."

"देवी म्हातारी झाली असंल. सुरकुती हाय ती."

तरी त्यांनी नाणी एका ओळीत लावली. एकेक बघत गेले, आणि सातव्या-आठव्या नाण्यानंतर ती परत रुमालात गोळा करायला लागले.

ताईने विचारलं, "ठेचायची होती ना? मंग खाडीत कशाला टाकलीस?"

"ठेचवलं न्हाय."

"लोकांच्या देवीला मान दिलास आणि माझं मशीन बुडवलंस," ताई म्हणाली आणि आत गेली.

शेजाऱ्याला बोलावलं. त्याचा दोष नव्हता, त्यालाही ती खरीच वाटली होती. त्याने चौदा हजार आणून दिले. आठ हजार होडीच्या इंजिनात गेले होते, ते कुठून आणणार? मी म्हटलं, ते आठ हजार माझे. भावोजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे." ताई काही बोलली नाही, म्हणून मला कळलं की द्यायचे.

नाणी घेऊन मी सुपरवायझरकडे गेले. मालकाला सांगेल असं वाटलं होतं. त्याने अकराही नाणी माझ्यासमोर चपटी केली. मी दुसरीकडे बघत होते. "मौसी," तो म्हणाला, "हथौड़ा अब मैं चलाऊँगा. आप बस पोंछो. पूजा मत करो."

पगार झाला की मी पाचशे रुपये घेऊन कोनला जायची. एका महिन्यात ताप आला, तेव्हा पुढच्या महिन्यात हजार दिले. पहिले तीन-चार महिने ताई पैसे घ्यायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. पुढे चहा टाकायला लागली. नववा हप्ता दिला तेव्हा तिने दुसऱ्या बाईचं वापरलेलं मशीन घेतलं होतं. त्याचा एक पाय जमिनीला टेकत नाही म्हणून खाली वीट लावली होती.

गेल्या रविवारी शेवटचे पाचशे दिले. ताई मशीनवर होती. तिने साडी बाजूला केली, नोट मशीनच्या खणात ठेवली.

"आठ हजार झाले," ती म्हणाली. "फिटले."