साठेसाहेबांची पावलं

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात किस्से कुणी जमवत नाही, डबे उघडले की ते आपोआप जमतात. एकाने सांगितला की दुसऱ्याला तसलाच आठवतो आणि भाजी तशीच राहते. त्यात गेल्या वर्षी मॅनेजमेंटने सगळ्यांच्या फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप टाकायला लावलं, स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून तर विचारूच नका!

*

पहिल्या आठवड्यात पहिला आला आमचा ऑपरेटर भोईर. आंबिवलीजवळच्या गावातून बाईकवर येणारा आणि दिवसभर मशिनसमोर स्टुलावर बसणारा माणूस! अकाउंट्सच्या मनीषाने विचारलं, "अरे, तू चालतोस कधी?"

"मी कुठं चालतो? खड्डंच चालवतान मना!"

फोन खिशात, आणि प्रत्येक दणक्याला एक पाऊल. त्याच्या रस्त्यावर दणक्यांना काय तोटा!

*

मनीषा डोंबिवलीची. होळीला तिने ओट्यापाशी उभं राहून चाळीस पुरणपोळ्या केल्या. फोन गाऊनच्या खिशात होता. कंबरेचे तुकडे पडले आणि संध्याकाळी स्क्रीनवर मेसेज आला, 'आज तुमची फारशी हालचाल झाली नाही.'

"मला सासूबाईच बोलल्यासारख्या वाटल्या!" ती म्हणाली.

*

स्टोअर्सचे साठेसाहेब रिटायरमेंटला आलेले. वहिनी गेल्या, मुलगी रेवा मेलबर्नला, वर्तकनगरच्या घरात हे एकटे. रेवाने त्यांचं ॲप स्वतःच्या फोनला जोडून घेतलेलं. बाबा किती चालले ते तिला तिकडे बसल्या जागी दिसतं.

साहेब रोज नेमाने आठ हजार भरायचे. मग तिच्याकडून अंगठ्याचं चित्र यायचं. नुसतं चित्र, शब्द एक नाही. "बघा, लेकीचा आला!" म्हणून ते आम्हाला दाखवायचे आणि मग स्क्रीन काळी होईपर्यंत स्वतःच बघत राहायचे. नातू ईशान अडीच वर्षांचा झाला, पण आजोबांनी त्याला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. आम्हाला फार वाईट वाटायचं.

*

एकदा खूप माल आला. साहेब सकाळभर ट्रॉली ढकलत होते. वाकताना पडू नये म्हणून फोन ट्रॉलीवरच्या खोक्यावर ठेवलेला. चाकं फिरली, पावलं काही भरली नाहीत.

जेवायला बसलो आणि फोन वाजला. रेवा!

"बाबा, बरा आहेस ना? दुपार झाली आणि नव्वदच पावलं?"

"अगं, ठणठणीत आहे!"

तिला पटेना. तिने व्हिडिओ लावायला सांगितलं. मग ईशान आला, "आबा!" म्हणत त्याने स्क्रीनला नाकच लावलं. पंचवीस मिनिटं! साहेबांनी डब्याला हात लावला नाही. त्यांचा असा चेहरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

*

त्यानंतर साहेबांचे आकडे घसरले. आठवड्यातून एखाद्या दिवशी तर शंभरच्या आत! भोईर चिडवायचा, "साहेब, चला, माझ्या मागं बसा बाईकवर!" साहेब नुसते हसायचे. गुडघे गेले की काय, अशी मला काळजी.

*

गेल्या बुधवारी मी स्टेपलर घ्यायला स्टोअर्समध्ये गेलेलो. साहेब जागेवर नव्हते. ड्रॉवर उघडला तर आत त्यांचा फोन! म्हटलं, विसरले वाटतं. आणि नेमका लेकीचा फोन आला तर?

फोन खिशात घातला आणि निघालो. पॅकिंगला नाहीत, कॅन्टीनला नाहीत, गेटवर नाहीत. अख्खा कारखाना पालथा घातला तेव्हा कुठे मागच्या गोडाऊनमध्ये सापडले, खोकी मोजत इकडून तिकडे चालत होते.

"साहेब, हा घ्या! ड्रॉवरमध्ये राहिलेला," मी धापा टाकत म्हटलं. वाटलं, आता शाबासकी मिळणार.

त्यांनी ॲप उघडलं आणि आकड्याकडे बघत राहिले.

"किती रे चाललास तू?"

"म्हणजे?"

"बाराशे झाली." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती.

"आता आज नाही यायचा तिचा फोन."