मामा हरले तो डाव

आमच्या जोयड्याच्या रानात, वाघ धरून, मामांइतका निर्दय जीव दुसरा झाला नाही. मामा म्हणजे आमच्या आत्येचे यजमान, गावच्या शाळेचे मास्तर. फळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, गुळीमण्याच्या खेळावर होता. दोन्ही अंगांना खळगे कोरलेली ती लाकडी फळी आणि कोटाच्या खिशात खुळखुळणारे चिंचोके, एवढ्यावर त्यांनी आम्हा पोरांना हायस्कुलाचं गणित शिकवलं. एक खळगा पानानं झाकायचे. दोन्ही बाजू सारख्या, तर पानाखाली किती, सांग. दोन्हीकडून सारखेच चिंचोके उचलत गेलं की शेवटी झाकला खळगा एकटा उरायचा आणि समोर त्याचं उत्तर. पण डाव खेळायला बसले की कुणाला सोडत नसत. उळवीच्या जत्रेत एका म्हाताऱ्या यात्रेकरूला हरवत बसले, त्याची पालखी निघून गेली. तापानं फणफणलेली स्वतःची मुलगी एकदा जिंकू द्या म्हणून रडली, तिलाही हरवलं. आत्ये भांडायला उठली तर म्हणाले, "ज्याची आशा सुटली त्याला जिंकू द्यावं. हिला काय झालंय?"

मी हायस्कुलात जावं हा त्यांचा हट्ट, आणि माझा त्याहून मोठा. बेळगावला परीक्षेला घेऊन गेले. कागदावर गणितं तीच होती, पण ती लिहायची कशी हे ह्या शहाण्यानं कधी दाखवलंच नव्हतं. मी खळगे काढले, चिंचोके काढले, एका खळग्यावर पान काढलं आणि खाली उत्तर लिहिलं. सगळी उत्तरं बरोबर होती, हे आजही कुणापुढंही सांगेन. हेडमास्तरांनी मामांना आत बोलावलं. मामा बाहेर येऊन म्हणाले, निकाल मागाहून कळेल.

परतताना लोंढ्याच्या फलाटावर त्यांनी फळी मांडली. भरात आलेल्या डावात त्यांनी असली चूक केली, की शाळेतलं शेंबडं पोरही करणार नाही. मी वर पाहिलं. ते रुळांकडे बघत होते.

"जिंकलास रे," म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. निकाल कळायचा राहिला नव्हता.

मी कुऱ्हाड घेऊन रानात कामाला लागलो. मामा पुढं कितीदा फळी घेऊन दारात आले, मी गोठ्यात जाऊन बसायचो. आता मामा नाहीत. फळी माझ्याकडं आहे. हायस्कुलात जाणारी नातवंडं कुरकुरतात, "आजा, एकदा तरी हर की."

कुरकुरू देत. मी त्यांना हरवतोय तोवर त्यांचं काही बिघडलेलं नाही.