आत जाऊन विचारणारा ड्रायव्हर

आर्णीहून मुसलमान कुटुंबांना हैदराबादचं जुनं शहर दाखवायला नेणारा एक ड्रायव्हर आहे. माझी लेक तिकडे दिली आहे, म्हणून सीट रिकामी असली की मी त्याच्या गाडीत बसते. तो स्वतः मटणाला शिवत नाही. पण ढाबा आला की आधी स्वयंपाकघरात घुसतो आणि बकरं कोणी कापलं, तेल कोणतं, सगळं विचारतो. मग बाहेर येऊन "चालते" म्हणाला, की सगळे जेवायला बसतात.

मागच्या खेपेला ढाबा ओळखीचा, म्हणून तो आत न जाताच "चालते" म्हणाला. जेवण सुरू झाल्यावर पाणी आणायला आत गेला आणि धावत बाहेर आला.

"थांबा चाचा! आत डुक्कर शिजून राह्यलं. तीच पळी वरणात घालून राह्यले. म्या पाह्यलंच नाही."

"दो निवाले तो खा लिए, बेटा," कुटुंबातले म्हातारे चाचा म्हणाले आणि चूळ भरायला उठले.

तो गप्प बसला असता तर कोणालाच कळलं नसतं.

मी माझं भाकरीचं गाठोडं सोडलं. त्याने मलाही विचारलंच, "ठेच्यात काय आहे, मावशी?"

"मिरची. तुले काय वाटलं?"

त्याने भाकरी सगळ्यांना वाटली, स्वतः घेतली नाही. मी आग्रह केला नाही.