ताण तोडायचा दिवस
संत्र्याच्या फुलांचा वास आला की संक्रांतीचा दुसरा दिवस आठवतो. बागेत दोनशे बारा झाडं, घरात आजोबा, आजी, बाबा आणि मी. बहार फुटावा म्हणून आजोबांनी महिनाभर झाडांचं पाणी बंद ठेवून ताण दिला होता आणि ते पाणी त्या दिवशी सोडायचं होतं. पहाटे आजोबाच गेले. बाबा म्हणाले, "सुतकात बागेत पाय नाही टाकायचा." आजी भिंतीकडे पाहतच म्हणाली, "झाडाले कायचं सुतक? रात्रभर 'पाणी सोडा' म्हणून राहिले होते ते." शेवटी शेजारच्या काकांनी मोटार लावली. मसणातून परतल्यावर मी बांधाबाहेर उभा राहून झाडं मोजली. सगळ्यांच्या बुंध्याभोवतीची आळी ओली होती. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. काकांनी मजुरी घेतली नाही. त्या बहाराची पहिली शंभर संत्री मी त्यांच्या ओसरीवर मोजून ठेवली.