मामंजींच्या कानातलं मशीन

मामंजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर बसचे कंडक्टर होते. धार ते धरमपुरीच्या रस्त्यावर त्यांचा आवाज ओळखत नाही असं गाव नव्हतं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना ऐकू येईनासं झालं, आणि मग ते बोलेनासेच झाले. ताटाकडे बघत जेवायचे आणि उठायचे. मला ते बघवत नसे.

नणंद देवासला असते. तिच्या ओळखीनं तिथल्याच एका दुकानातून कानाचं मशीन घेतलं. दुकानातल्या बंद खोलीत ते छान चाललं. धारला घरी आलो, तर पंखा लावला की ते किंचाळायचं आणि मधेच बंद पडायचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, सेल बदला. सेल बदलले. मग म्हणाला, कानात मळ असेल. इथल्या डॉक्टरांनी तपासलं. कान साफ होता. बिघाड मशीनचा आहे असं त्यांनी लिहून दिलं आणि तो कागद घेऊन आम्ही दोघं देवासला गेलो.

दुकानदारानं कागद वाचलाच नाही. मामंजी समोर बसलेले असूनही तो फक्त माझ्याशीच बोलत होता. "देखो भाभी, दादाजी की उमर हो गई. इसमें मशीन क्या करे?" बिलावरच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी तक्रार करीन म्हटलं. त्यावर तो हसला. केस देवासलाच चालणार, दर तारखेला धारहून येत बसाल का, असं त्यानं विचारलं.

परतीच्या बसमध्ये मामंजींनी विचारलं, तो काय म्हणाला. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तरी कळेना. शेवटी ओरडून सांगितलं तेव्हा अख्ख्या बसनं ऐकलं. मागून कुणीतरी समजूत घातली, जाने दो, ये लोग वापस नी लेते. मामंजींना अर्थातच तेही ऐकू आलं नाही. मग ते कंडक्टरच्या जुन्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, सोडायचं नाही."

घरी ह्यांचं म्हणणं, कोर्टाच्या भानगडीत पडू नये, दुसरं मशीन घेऊन टाकू. मी ऐकलं नाही. ग्राहकांसाठीच्या सरकारी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि बिलावर काहीही छापलं म्हणून खराब माल गळ्यात मारता येत नाही. म्हणजे दुकानदारालाच धारला यावं लागणार होतं. त्या दिवशी मी स्वयंपाक करताना एकटीच हसत होते.

आधी दुकानदाराला नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. मग तक्रार लिहायला बसलो. मामंजी मराठीत सांगायचे, मी हिंदीत लिहायचे, कारण मराठी मला बोलता येते पण लिहिताना हात अडतो. त्यांनी सांगितलेल्या शिव्या तेवढ्या मी गाळल्या.

आयोगात दुकानदाराच्या वकिलानं सांगितलं की म्हाताऱ्यानं मशीन पाडलं असणार. नंतर बाहेरच्या बाकावर दुकानदार स्वतः माझ्याजवळ आला. नवं मशीन आजच देतो म्हणाला. फक्त या कागदावर सही करून द्या की जुनं चांगलं होतं, वापरायची चूक तुमची.

माझं मन डळमळलं. माझ्या लेकीला बाळ झालं होतं, आणि पणतूचं रडणं मामंजींनी नुसतं मोबाइलवर बघितलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांना ऐकू आलं असतं. मी त्यांना तो कागद वाचायला दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि दुकानदाराच्या हातात परत दिला. "मी खोटा नाही," म्हणाले. तेही मराठीत, आणि त्याला कळलं.

पुढच्या तारखेला आयोगाच्या बाईंनी मामंजींना काही विचारलं. मी सांगायला पुढे झाले, तर मामंजींनी मला हातानंच थांबवलं, खिशातून ते मशीन काढलं आणि कानात घालून चालू केलं. वर पंखा फिरत होता. मशीन असं किंचाळलं की लिहिणाऱ्या बाबूनं हात थांबवला. मामंजी हिंदीत म्हणाले, "यही है, मैडम. आप सब सुन लीजिए. मैं तो सुन नहीं पाता."

निकाल आमच्या बाजूनं लागला: नवं मशीन, झाल्या त्रासाची भरपाई, आणि बिलावरची ती ओळ काढून टाकण्याचा हुकूम.

नवं मशीन घ्यायला देवासच्या दुकानात गेलो, तेव्हा मामंजींनी ते बंद खोलीत तपासू दिलं नाही. ते कानात घालून थेट देवासच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले, हॉर्न, हातगाड्या, इंदूरच्या बसच्या कंडक्टरची आरोळी सगळं ऐकत. दुकानदार दारात ताटकळत होता. त्याला पोचपावतीवर सही हवी आहे, अशी मी मामंजींना आठवण करून दिली, तर म्हणाले, "थांबू दे त्याला."

एवढी वणवण करून काय मिळवलंत, असं नातेवाईक अजून विचारतात. शेजारच्या बाई मात्र तसं विचारत नाहीत. त्यांचा नवा कूलर गळतोय, आणि परवा त्या बिल घेऊन आमच्याकडे आल्या. मामंजींनी त्यांना बसवून घेतलं आणि सगळं नीट ऐकून घेतलं.